एकच फाइल, एकच खिडकी: साताऱ्यात प्रिंट्स घेऊन बसायचं कसं

पहिल्यांदा आम्ही सहा फोटोवाले आपापल्या फोटोंच्या प्रिंट्स शेजारी ठेवून तपासायला जमलो ते पोवई नाक्याजवळ एका मित्राच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात वाजता, कारण दिवसा सगळ्यांनाच कामं. हॉलच्या भिंती पिस्ता कलरच्या, वर ट्यूब आणि कोपऱ्यात पिवळा बल्ब. मी कासची प्रिंट नेली होती, पुढं सोनकीचा पिवळा सडा आणि मागं धुकं. घरी सकाळी गॅलरीत बघितली तेव्हा धुकं मऊ पांढरं होतं, तिथं टेबलावर ठेवली तर सगळं धुकं हिरवट मारायला लागलं. सगळे म्हणाले मॅजेंटा म्हणजे गुलाबी-लाल शाई येत नाहीये, शाई फवारणारं हेड चोक झालं असणार. मलाही पटलं, घरी येऊन दोनदा हेड क्लीनिंग मारलं, त्यात बरीच शाई गेली, आणि मग नोझल चेक, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणाऱ्या रेघांचा कागद, काढला तर एकही रेघ तुटलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तीच प्रिंट परत गॅलरीत धरली, धुकं पांढरंच.

म्हणजे दीड तास आम्ही प्रिंटरवर जे बोललो ते सगळं त्या भिंतीचं आणि त्या ट्यूबचं होतं. तेव्हापासून आमचा नियम एकच, आधी उजेड ठरवायचा आणि मग माणसं बोलवायची.

हे सविस्तर लिहितोय कारण सातारा, कराड, वाई, सांगली सगळीकडं घरी इंकजेट घेतलेली मंडळी आता बरीच झालीत, लग्नाची कामं करणारे, पक्ष्यांचे फोटो काढणारे, दर सप्टेंबरला कासला जाणारे, आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटाच आपल्या प्रिंटशी भांडत बसलाय. प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवून काही कळत नाही, मोबाइल स्वतःच्या मनाने व्हाइट बॅलन्स लावतो म्हणजे रंगाची झाक बदलतो आणि बघणाऱ्याचा स्क्रीन अजून तिसरंच काहीतरी दाखवतो. प्रिंट हातात घेऊन, तिरकी करून, शेजारी दुसऱ्याची ठेवूनच बघायला लागते. आणि हे करायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, सहा-आठ माणसं, एक खिडकी आणि एक टेबल एवढंच लागतं.

जागा आणि उजेड

उत्तरेकडची मोठी खिडकी शोधा. तिथून थेट ऊन सहसा येत नाही, उजेड दिवसभर बऱ्यापैकी एकसारखा राहतो. साताऱ्यात अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळं किल्ल्याच्या पायथ्याच्या घरात शहराकडं उघडणारी खिडकी असेल तर ती बहुतेक उत्तरेचीच निघते, तरी मोबाइलच्या कंपासवर एकदा बघून घ्या. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी दोन. रविवारीच जमतं सगळ्यांना, तर रविवार सकाळ. खोलीतल्या ट्यूब, बल्ब सगळं बंद, दोन प्रकारचे उजेड एकत्र झाले की प्रिंटच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा.

भिंती पांढऱ्या किंवा करड्या असतील तर उत्तम. नसतील तर खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरी चादर लावा, कारण उजेड त्या भिंतीवर आपटूनच परत प्रिंटवर येतो. रंगीत पडदे काढा. टेबलावर फुलाफुलांचं कव्हर असेल तर तेही काढा आणि स्टेशनरीच्या दुकानातून करड्या रंगाचे कार्डशीट आणून अंथरा, डोळा शेजारचा रंग बघूनच रंग ठरवतो, लाल कव्हरवर ठेवलेली ग्रे प्रिंट हिरवट वाटणारच. आणि एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते पण सांगतो, त्या दिवशी सगळ्यांनी पांढरा, काळा किंवा करडा शर्ट घालून यावं. भगव्या टीशर्टचा माणूस ग्लॉसी म्हणजे चकचकीत प्रिंटवर वाकला की प्रिंटवर सरळ भगवी झाक पडते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोणी परत विचारत नाही.

पावसाळ्यात खिडकीचा भरवसा धरू नका. साताऱ्याचा जुलै म्हणजे दहा मिनिटात चार वेळा उजेड बदलणार, आणि ढगाळ उजेड निळसर असतो तो वेगळाच. तेव्हा व्हिडिओसाठी आपण वापरतो तो एलईडी पॅनल आणा, आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं असतोच. तो ५००० केल्विनवर लावा (केल्विन म्हणजे उजेड पिवळट का निळसर त्याचं माप) आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर आहे ना ते बघून घ्या, घरगुती एलईडी बल्ब बहुतेक ८० च्या आसपास असतात आणि त्याखाली लाल रंग आणि त्वचेचे टोन नीट दिसत नाहीत. छपाईच्या धंद्यात प्रिंट तपासायचं जे आयएसओ ३६६४ स्टँडर्ड आहे त्यातही उजेड डी५० म्हणजे ५००० केल्विनचाच धरलाय, आणि त्यात उजेड किती हवा त्याच्या दोन पातळ्या आहेत, लक्समध्ये, बारकाईनं तुलना करायला २००० लक्स आणि प्रिंट नेहमीच्या उजेडात कशी दिसेल ते बघायला ५०० लक्स. लक्स मीटर कोणाकडं नसतो पण कॅमेरा असतोच की. ग्रे कार्ड म्हणजे ठरलेल्या करड्या रंगाचं कार्ड टेबलावर ठेवा, कॅमेऱ्याचा स्पॉट मीटर फक्त त्यावर मारा, कॅमेऱ्याचा आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ ४ ला शटर साधारण १/१२ आलं तर तो ५०० लक्सच्या आसपासचा उजेड, १/५० आलं तर २००० च्या आसपास. अगदी काटेकोर नसलं तरी मागच्या वेळी केवढा होता आणि आज केवढा आहे एवढं तरी कळतं.

पॅनल प्रिंटच्या डोक्यावर सरळ मारू नका, साधारण ४५ अंशातून मारा, नाहीतर ग्लॉसीवर नुसती चमक दिसेल. कडक वाटला तर पांढऱ्या थर्माकोलवर मारून परत आणा.

सगळ्यांची एकच फाइल

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथंच बहुतेक लोक कंटाळा करतात. प्रत्येक जण आपापला आवडता फोटो आपापल्या पेपरवर काढून आणतो आणि मग म्हणतो माझी प्रिंट भारी आली. तुमचा सूर्यास्त आणि माझं धुकं यांची तुलना कशी करणार. प्रिंटर बघायचा असेल तर फाइल एकच, साइझ एकच, पेपर एकच. पेपर बघायचा असेल तर फाइल एकच, प्रिंटर एकच. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची.

आम्ही एक टेस्ट फाइल बनवली, ए४, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. त्यात काय काय घातलं ते सांगतो, तुम्ही तुमचं घाला. वरच्या बाजूला ग्रे पट्टी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ घरं, आणि तिच्याखाली तेवढ्याच लांबीचा सलग ग्रेडियंट. मग दोन चेहरे, एक सावळा आणि एक गोरा, दोन्ही सावलीत काढलेले, मेकअप नाही. मग जत्रेत काढलेली म्हैस, कारण काळ्या कातडीवरची काळी केसं ही शॅडोची म्हणजे गडद भागांची खरी परीक्षा, वाईट प्रिंटमध्ये म्हैस म्हणजे नुसता काळा ठिपका होतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या धुक्यात, पाती जेमतेम दिसतील अशा, हे हायलाइट म्हणजे सगळ्यात उजळ भागांसाठी. पांढऱ्या नऊवारीची जरीची किनार. सांगलीच्या एका सरांनी हळदीचा ढीग दिला, हळदीच्या पिवळ्यात जे खडबडीत टेक्स्चर असतं ते चॅनल क्लिप झाला, म्हणजे एखादा रंग कमाल मर्यादेला जाऊन अडकला, की सपाट होतं. आणि शेवटी कासची फुलं, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा.

त्या जांभळ्यावर जरा थांबतो. सीतेची आसवं हे अगदी छोटं फूल, पण पठारावर एकत्र फुललं की जमिनीवर निळसर जांभळी साय आल्यासारखी वाटते. हा रंग स्क्रीनवर जसा दिसतो तसा सहा रंगाच्या घरगुती प्रिंटरवर बहुतेक वेळा येत नाही, एकतर निळा होतो नाहीतर वांगी कलर, कारण निळा-जांभळा शेवटी सायन (आकाशी निळी शाई) आणि मॅजेंटा एकावर एक मारूनच बनवायचा असतो आणि तिथं शाईची रेंजच कमी पडते. काही वरच्या प्रिंटर्समध्ये व्हायोलेट शाईची वेगळी टाकी असते ती याचसाठी. म्हणून तुमच्या प्रिंटमध्ये हा रंग चुकला तर लगेच प्रिंटरला दोष देऊ नका, आधी सॉफ्ट प्रूफ करून बघा, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा, फोटोशॉपमध्ये गॅमट वॉर्निंग लावली की जिथं रंग बसणार नाही तिथं करडे डाग दिसतात. टेस्ट फाइलच्या आमच्या पहिल्या फेरीत सात जणांपैकी एकाचाही जांभळा बरोबर आला नव्हता, पण सात वेगवेगळे जांभळे शेजारी शेजारी ठेवल्यावर कोणता जवळचा आहे हे मात्र लगेच कळलं, हे एकट्यानं कधीच कळलं नसतं.

फाइल पहिल्यांदा एसआरजीबी या नेहमीच्या कलर स्पेसमध्येच ठेवा, कारण काही जण लॅबला देतात आणि लॅबवाले तेच मागतात. प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ती माहिती, फाइलमध्येच एम्बेड करा. कोणीही फाइलला हात लावायचा नाही, शार्पन नाही, ब्राइटनेस नाही, ऑटो काहीच नाही. 'फिट टू पेज' बंद, १०० टक्के साइझ. बॉर्डरलेस काढू नका, बॉर्डरलेसमध्ये ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर फोटो थोडा मोठा करून कडा कापतो, मग शेजारी ठेवल्यावर मापच जुळत नाही.

पेपरसाठी एक सोपा उपाय, सगळ्यांनी मिळून एकच पाकीट घ्यायचं आणि त्यातले तीन तीन कागद वाटायचे. एक चुकला तर दुसरा, तिसरा हाताशी.

प्रिंट काढताना घरी

आधी नोझल चेक. रेघ तुटली असेल तरच क्लीनिंग, माझ्यासारखं उगाच नको. एप्सनचे एल८०५, एल१८०० सारखे टाकीवाले सहा रंगी प्रिंटर आपल्याकडं खूप जणांकडं आहेत, ते महिनाभर बंद पडले की हेड सुकतं, आठवड्याला एक छोटी रंगीत प्रिंट मारत राहिलात तर तो ताप बराच कमी होतो.

मग कलर मॅनेजमेंट, आणि इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. फोटोशॉपमधून काढताना रंग फोटोशॉप सांभाळणार का ड्रायव्हर, दोघांतला एकच ठरवा. फोटोशॉपला सांगितलंत आणि पेपरचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या प्रिंटर-शाई-पेपरवर रंग कसे उतरतात त्याची फाइल, निवडलात तर ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर करेक्शन पूर्ण बंद करायचं. दोघांनीही आपापलं करेक्शन मारलं तर प्रिंट बहुतेक वेळा लालसर, गुलाबी मारते, चेहरे भाजल्यासारखे दिसतात. आमच्यातल्या एका लग्नवाल्या मित्राने सहा महिने ह्या गुलाबीला शाईची चूक समजून तीन वेगवेगळ्या शाया भरल्या होत्या, आणि निघालं काय तर ड्रायव्हरमधला एक टिकमार्क.

शाईवरून आठवलं. पेपर कंपनीच्या साइटवरचा प्रोफाइल हा त्या प्रिंटरच्या ओरिजिनल शाईसाठी बनवलेला असतो. तुम्ही कम्पॅटिबल शाई वापरत असाल तर वापरा, माझी काही हरकत नाही, प्रत्येकाचा खर्चाचा हिशोब वेगळा, पण मग तो तयार प्रोफाइल तुमच्यासाठी नाही हे लक्षात घ्या, तुमच्या शाई-पेपरच्या जोडीचा प्रोफाइल करून घ्यायला लागेल. बैठकीत मात्र खरं सांगायचं कोणती शाई आहे ते. लपवलं तर बाकीचे सगळे चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात.

मीडिया टाइप पेपरप्रमाणेच निवडा, क्वालिटी सगळ्यात वरची, हाय स्पीडची टिक काढा, कारण त्यात हेड जाताना आणि येताना दोन्हीकडं शाई मारतं आणि अलाइनमेंट जरा हललेली असली तरी बारीक रेघा दिसतात. प्रिंट निघाल्यावर किमान २४ तास तशीच मोकळी ठेवा, वर साधा कागद टाकून. ओल्या प्रिंटचा रंग आणि वाळलेल्या प्रिंटचा रंग यात फरक पडतो, विशेषतः डाय शाईत, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो त्या शाईत. लगेच प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातली तर आतल्या आत वाफ धरते. म्हणून शनिवारी रात्री बारा वाजता काढून रविवारी सकाळी आणायची नाही, गुरुवारीच काढा.

आणि तुमची प्रिंट नेहमी स्क्रीनपेक्षा काळी येत असेल, तर नव्वद टक्के वेळा स्क्रीनच जास्त उजळ आहे. प्रिंटसाठी मॉनिटरची उजळता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला एवढीच ठेवतात, दुकानातून आणलेला मॉनिटर त्याच्या कितीतरी वर असतो. टेस्ट फाइलसाठी याने काही बिघडत नाही, पण पोर्टफोलिओच्या प्रिंट्ससाठी बिघडतं.

आणताना गुंडाळी करू नका. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा, कडेनं टेप, वरून प्लास्टिकची पिशवी, कराडहून एसटीनं येताना आणि पावसात तर दोन पिशव्या. प्रिंट्सच्या मध्ये बटर पेपर घाला. मागच्या बाजूला बॉलपेननं किंवा मार्करनं काही लिहू नका, ग्लॉसीच्या मागं शाई वाळत नाही आणि खालच्या प्रिंटच्या चेहऱ्यावर उमटते. एका ताईंची बामणोलीची सुंदर प्रिंट, कोयनेचं सकाळचं स्थिर पाणी, त्या पाण्यावर निळ्या मार्करचा उलटा आकडा उमटला होता. ती प्रिंट गेलीच.

टेबलावर

चहा वेगळ्या टेबलावर, वेगळ्या खोलीत असेल तर अजून बरं. कंदी पेढे आणणारा कोणीतरी असतोच, ते शेवटी, कारण तुपाचं बोट मॅट म्हणजे बिनचमकीच्या पेपरवर लागलं की निघत नाही. हात धुऊन, पुसून, प्रिंट कडेनंच धरायची, सुती हातमोजे मिळाले तर छान. पंखा बंद. प्रिंट्स उडून एकमेकीवर घासल्या की मॅटवर लगेच चरे दिसतात.

एक जण असा ठेवा ज्याची स्वतःची प्रिंट त्या फेरीत नाही. तो सगळ्या प्रिंट्स गोळा करणार, मागं एक ते सात नंबरचे छोटे स्टिकर लावणार आणि वहीत लिहिणार कोणता नंबर कोणाचा, प्रिंटर, शाई, पेपर, प्रोफाइल, सेटिंग, तारीख. बाकी कोणाला काही कळता कामा नये. प्रिंटर लाखाचा आहे हे कळलं की डोळे आपोआप त्याच्या बाजूनं झुकतात, हे मी माझ्या डोळ्यांच्या बाबतीत बघितलंय, म्हणून ह्या गोष्टीवर मी हटून बसतो.

मग आधी लांबून. ए४ ला हात लांब करून धरतो तेवढ्या अंतरावरून, दोन-अडीच फूट. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहायचं. आधी बोललं की पहिला जो बोलतो त्याच्याच मागं सगळे जातात.

बघायचं काय? आधी ग्रे पट्टी. पट्टी लालसर मारते का, निळसर मारते का, आणि सगळीकडं सारखीच मारते का फक्त अंधाऱ्या घरांत. सगळीकडं एकसारखी मारत असेल तर सुधारायला सोपं, पण काळ्याकडं हिरवट आणि पांढऱ्याकडं गुलाबी अशी असेल तर प्रोफाइलशिवाय ती सुटत नाही. मग काळ्याकडून घरं मोजा, किती वेगळी दिसतात, मॅटवर पहिली दोन घरं एकत्र झाली तर फार घाबरू नका, ग्लॉसीवर झाली तर काहीतरी चुकलंय. मग म्हैस, केसं दिसतात का. मग पवनचक्क्यांची पाती, पांढऱ्यात उडालीत का. चेहरे सगळ्यात शेवटी, कारण चेहऱ्यावर प्रत्येकाची आवड वेगळी, कोणाला उबदार आवडतो कोणाला थंड, ग्रे पट्टीला आवड नसते.

मग प्रिंट हातात घेऊन खिडकीकडं तिरकी करा. पिगमेंट शाईची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईची, ग्लॉसी प्रिंट असेल तर काळ्या भागावर तांब्यासारखी किंवा पितळेसारखी झाक दिसते का बघा, याला ब्राँझिंग म्हणतात. आणि जिथं शाई पडली आणि जिथं कोरा पांढरा कागद राहिला तिथं चमक वेगळी दिसते का. हे दोन्ही स्क्रीनवर कधीच दिसणार नाही, फोटो काढूनही नीट दाखवता येत नाही, त्यासाठीच एवढ्या लांबून यायचं.

त्यानंतर भिंग. सोनाराकडं असतं तसं दहा पट भिंग एक जरी आणलं तरी पुरतं. गोऱ्या चेहऱ्याच्या गालावर आणि आभाळावर लावा. चार रंगाच्या ऑफिस प्रिंटरवर तिथं ठिपके सुटे सुटे दिसतात, लाइट सायन आणि लाइट मॅजेंटावाल्या सहा रंगीत खूप कमी. लॅबची सिल्व्हर हॅलाइड प्रिंट असेल, म्हणजे फोटो पेपरवर उजेड मारून रसायनात धुतलेली, आपण वर्षानुवर्षं जी काढत आलो ती, तिच्यात ठिपकेच नसतात, टोन सलग असतो. ते सलगपण एकदा भिंगातून बघाच. पण मग तीच प्रिंट दोन फुटांवर ठेवून परत विचार करा की भिंगातला फरक इथून दिसतोय का. बऱ्याचदा दिसत नाही, आणि उलट त्या दोन फुटांवरून इंकजेटचे काळे आणि बॅराइटा या जाड फोटो पेपरचं वजन जास्त भावतं. माझं मत विचाराल तर भिंग हे दोष कुठला आहे ते शोधायला, प्रिंट चांगली का वाईट ते ठरवायला नाही.

मॅट आणि ग्लॉसी शेजारी ठेवून काळा कोणाचा जास्त गडद अशी स्पर्धा लावू नका. मॅटचा काळा ग्लॉसीएवढा खोल कधीच जात नाही, कागदाचा तो स्वभावच आहे. फ्रेम करून काचेमागं गेल्यावर हा फरक बराच कमी होतो.

कोणाकडं नोटा तपासायची जांभळी टॉर्च असेल तर आणायला सांगा. खोली अंधारी करून सगळ्या कोऱ्या पेपर्सवर मारा. जे निळे झगझगीत चमकतात त्यात ब्राइटनर घातलेला असतो, कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून. वर्षांनी तो ब्राइटनर दमतो आणि कागद पिवळसर पडतो. लग्नाच्या अल्बमला किंवा विकायच्या प्रिंटला कोणता पेपर वापरायचा हे ठरवताना हे माहीत असावं, कॉटनच्या काही पेपरवर टॉर्च मारली तरी कागद शांतच राहतो.

सगळं झालं की एक शेवटची गोष्ट, दोन-तीन चांगल्या प्रिंट्स घेऊन घरातल्या नेहमीच्या पिवळ्या बल्बखाली जा. खिडकीत ज्या दोन प्रिंट्सचे ग्रे सारखे दिसत होते त्यातली एक इथं हिरवट किंवा गुलाबी दिसू शकते, हा मेटामेरिझम. माझी पहिल्या दिवशीची धुक्याची प्रिंट थोडीफार ह्यातूनही गेली होती. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये कुठला बल्ब आहे ते आपल्याला माहीत नसतं, पण विचारता तर येतं.

आता वही उघडा आणि नंबर सांगा. इथं नेहमी कोणीतरी शांत होतं आणि कोणीतरी खूश, दोघांनाही चहा द्या.

पोर्टफोलिओ

चहानंतर. टेस्ट फाइलच्या आधी पोर्टफोलिओ काढले तर सगळा वेळ त्यातच जातो आणि उजेड संपतो.

एकाला पंधरा मिनिटं, बारा प्रिंट्स, जास्त नाहीत. चाळीस आणल्या की कोणीच नीट बघत नाही. फ्रेम नको, काच नको, सगळ्या एकाच साइझच्या, पांढरी बॉर्डर किमान अर्धा इंच म्हणजे धरायला जागा राहते. क्रम आधी घरी जमिनीवर मांडून ठरवा. कासचे बारा फोटो असतील तर बाराही फुलांचे क्लोजअप नकोत, पठार २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, फुलं सगळ्यांनीच काढलीत, तुम्हाला तिथं अजून काय दिसलं ते आणा. आमच्यातल्या एकानं दोन वर्षं फक्त कासच्या रस्त्यावर कणसं आणि भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बायका काढल्या, पावसात, प्लास्टिकच्या इरल्याखाली, आणि त्या बारा प्रिंट्स टेबलावर मांडल्या तेव्हा बराच वेळ कोणी उठलं नाही.

ज्याचे फोटो आहेत त्यानं पहिली पाच मिनिटं गप्प बसायचं. हा क्षण मिळवायला पहाटे चारला उठलो वगैरे सांगायचा मोह होतो, पण प्रिंट घेऊन जाणाऱ्याला ते कळणार नाहीये. बाकीच्यांनी 'मस्त', 'भारी' म्हणून सोडायचं नाही. काय दिसतंय ते म्हणा, डोळा आधी कुठं जातो, कुठं अडतो, कोणती प्रिंट काढली तरी चालेल, कोणती काढली तर सगळं पडेल. नव्या मुलांना बोलायला आधी संधी द्या, मोठी माणसं बोलली की ती गप्प होतात. आणि प्रिंटच्या तक्रारी आणि फोटोच्या तक्रारी वेगळ्या ठेवा, 'आभाळ उडालंय' म्हणजे नुसतं पांढरं झालंय, हे फाइलमध्ये उडालंय का कागदावर, हे आधी विचारा.

कधी जमलं तर एखाद्या बैठकीनंतर सगळे मिळून औंधला जा. १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्रीभवानी चित्रसंग्रहालय तिथं आहे आणि रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं समोर उभं राहून बघता येतात. आपण सगळ्यांनी रविवर्मा आजीच्या देवघरातल्या छापील तसबिरीत आणि कॅलेंडरवर बघितलेला. मूळ चित्रातल्या त्वचेखालचे टोन आणि साडीच्या सावल्यांमधले रंग बघितले की छापताना काय काय मागं राहून जातं ते जाणवतं, आणि परत आल्यावर आपल्याच प्रिंटमधल्या सावल्या आपण वेगळ्या बघतो.

घरी जाताना टेस्ट प्रिंट्स फेकू नका. प्रत्येक प्रिंटची दोन इंची पट्टी कापा, चेहरा आणि ग्रे पट्टी दोन्ही येतील अशी, तिचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाका आणि सगळ्या पट्ट्या एकाच घरात, ऊन येणाऱ्या एकाच खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. बाजूला नंबर आणि तारीख. तीन महिन्यांनी पुढच्या बैठकीला त्या काढून आणायच्या, पुठ्ठा बाजूला करायचा आणि मधोमध रेघ दिसते का ते बघायचं. आमच्या पहिल्या खेपेला सातपैकी दोन पट्ट्यांवर ती रेघ टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसली, मॅजेंटा जवळपास उडालेला, झाकलेला गाल माणसाचा आणि उघडा गाल शेवाळी. त्यातली एक पट्टी लग्नवाल्या मित्राची होती, तो ती पट्टी खिशात घालून घेऊन गेला आणि पुढच्या अल्बमच्या आधी शाई बदलली.